ट्रॅक्टरचं मुसकं

किसनकाका नव्या माणसाच्या कपाळावर तळहात ठेवल्याशिवाय त्याच्याशी बोलायला सुरुवात करत नसत. नाव-गाव नंतर. कुरुंद्याजवळच्या त्या गावात मी पाटलांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून गेलो, तेव्हा हातातली ट्रंक खाली ठेवायच्या आत एका उंच, वाळक्या म्हाताऱ्यानं माझी टोपी काढली, कपाळ दाबून पाहिलं, मग माझी मान वाकवून टाळूवरचे केस बाजूला केले.

"दोन भवरे हायेत," ते म्हणाले. "दोन लग्नं व्हतील. पन मारकं न्हाई. राहू द्या."

एवढ्यावर माझी नेमणूक पक्की झाली. नांदेडच्या जिनिंगमध्ये इंजिनावर घालवलेली चार वर्षं कुणी विचारलीसुद्धा नाहीत. दुसऱ्या लग्नाचं म्हणाल, तर पहिलंच इतकं टिकाऊ निघालं की काकांचं ते भाकीत अजून खरं व्हायचं आहे.

काका म्हणजे आमच्या मालकांचे, कोंडबाराव पाटलांचे सख्खे चुलते. बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही. उभा जन्म बैलांत गेला. काळ्या रानात आठ बैलांचा मोठा नांगर हाकणारा त्यांच्यासारखा माणूस पंचक्रोशीत नव्हता. बैल घेताना कपाळ पाहावं, भोवरा कुठं पडलाय ते पाहावं, हे शास्त्र त्यांनी पुढे माणसांना लावलं आणि मग कशालाही लावलं. घरात नवं घड्याळ आलं, त्याचं कपाळ दाबलं. सोयरिकीला आलेल्या व्याह्यांचं दाबलं. "आधी कपाळ बघून घ्यावं, मंग बोलावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकदा तालुक्याचे साहेब गावात आले. लाल तुर्की टोपी, काळी शेरवानी, बरोबर दोन शिपाई. गाव हात जोडून उभं. काका सरळ पुढे गेले, टोपी उचलून शिपायाच्या हातात दिली आणि साहेबांच्या कपाळावर हात ठेवला. पाटलांना दरदरून घाम फुटला.

"बडे मियाँ, क्या देख रहे हो?" साहेबांनी विचारलं.

"कपाळ," काका म्हणाले. "तकलीफ न्हाई द्यायचं हे मानूस. मारकं न्हाई."

शिपायानं भीत भीत उर्दूत सांगितलं. साहेब इतके खूश झाले की जेवायला थांबले. निघताना त्यांनी आपण होऊन टोपी काढून दुसऱ्यांदा कपाळ पुढे केलं.

तर अशा माणसाच्या घरात ट्रॅक्टर आला. लढाईचे दिवस होते. कुण्या जहागीरदाराचा जुना, लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर पाटलांनी घेतला. तो वसमतच्या स्टेशनावर मालगाडीतून उतरला, पण चालवणारा कुणी नव्हता. शेवटी काकांनी आपले आठ बैल जुंपून तो ओढत गावात आणला. महिनाभरात मी आलो, आणि त्याच महिन्यात आठातले सात बैल विकले गेले. म्हणजे बैलांनीच त्याला वाजतगाजत घरी आणलं आणि जागा करून दिली.

काकांनी ट्रॅक्टरचंही कपाळ पाहिलं होतंच. म्हणजे पुढची रेडिएटरची जाळी. मी इंजिन तासभर चालवून नुकतंच बंद केलेलं, त्यात पाणी तापलेलं. हात चांगला भाजला. पण काकांना त्याचं काही नव्हतं. जाळीमागचा पंखा त्यांनी फिरताना पाहिला होता.

"डायवर, ह्याच्या कपाळात मधोमध भवरा हाय," ते हाताला तूप चोळत म्हणाले. "अन् तो फिरून राहिलाय. असं जनावर घरच्या मानसाला मारल्याबिगर राहत न्हाई."

मारलं मात्र उलट बाजूनं, घरच्या जनावरानं ट्रॅक्टरला. आठवा बैल हौश्या मागे उरला होता. वय इतकं झालेलं की कुणी गिऱ्हाईकच आलं नाही. हा नांगराच्या पुढच्या जोडीतला, कधी दाव्याला न बांधलेला, हाकेसरशी येणारा. बांधला की वैरण सोडायचा. रोज सकाळी तो आपसूक उठून अंगणात यायचा आणि जिथं त्याला जुंपायचे तिथं उभा राहायचा. आता तिथं ट्रॅक्टर उभा असायचा. मी हँडल मारलं, इंजिन धडधडलं, की हौश्या मान खाली घालून सरळ त्याच्या तोंडाला भिडायचा आणि ढकलत राहायचा.

पहिल्यांदा शिंग रेडिएटरात शिरलं आणि पाण्याची धार लागली. रेडिएटर वसमतहून डाग देऊन आणला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. लढाईमुळं नवा मिळायची सोय नव्हती आणि पेरणी तोंडावर आलेली. पाटील तसे थंड डोक्याचे, पण त्या दिवशी भडकले.

"काका, पुन्यांदा असं झालं तर हौश्या कळमनुरीच्या बाजारात. सांगून ठेवतो."

तिथं इतका म्हातारा बैल कोण घेतो आणि कशाला घेतो, हे अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. बाजार पाच दिवसांवर होता. काका हौश्याकडं न बघताच म्हणाले, "जनावर हाय. जाऊ द्या की." आणि उठून नागू लोहाराकडं गेले.

दुसऱ्या दिवसापासून घरातल्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. मोडक्या गाडीच्या चाकावरची लोखंडी धाव गेली. मोटेच्या चाकाचा कणा गेला. न्हाणीच्या खिडकीचे गज गेले, ते वहिनींना, म्हणजे पाटलीणबाईंना, न्हाणीत शेळी शिरल्यावर कळलं. मग चुलीजवळचा चिमटा दिसेना. वहिनींनी सुनेची मर्यादा राखून दाराआडूनच विचारलं, "मामंजी, चिमटा बघितला का हो?"

"सूनबाई, चिमट्याचं कपाळ लई चांगलं हाय," ओसरीवरून उत्तर आलं. "त्येला मोठ्या कामावर लावलाय."

काका ट्रॅक्टरला मुसकं करत होते. मळणीत बैलानं कणसात तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडाला जाळी बांधतात, ते मुसकं. लोखंडाचं, नागूच्या भट्टीत तापवून ठोकलेलं, रिबिटा मारून जोडलेलं. विकत काही आणायचं नाही, हा काकांचा हट्ट. नागू त्यात पार मेटाकुटीला आला होता, कारण माप घ्यायला काका वीत वापरायचे आणि सकाळची वीत दुपारी जुळायची नाही.

पहिलं मुसकं बसवलं तेव्हा सगळे कौतुकानं जमले. मी हँडल घेऊन पुढं गेलो, तर हँडल घालायला जागाच नव्हती. भोक बरोबर एका जाड गजामागं. तोंड बंद केलेला ट्रॅक्टर तसाच उभा राहिला आणि नागू भट्टीकडं परत गेला.

दुसऱ्याला भोक ठेवलं, पण काकांनी सगळे गज, पट्ट्या आणि वहिनींचा चिमटा इतके दाट बसवले की वारा आत जाईना. बांधापर्यंत पोचेतो पाणी उकळून टोपणातून वाफ सुटली. कुळवावरची दोन माणसं कुळव टाकून पळाली. "पिसाळला, पिसाळला," असं सांगत ती थेट मारुतीच्या पारावर जाऊन बसली. मी काकांना समजावलं की इंजिनाला पुढून वारा लागतो.

काकांनी कपाळाला हात लावला. या खेपेला स्वतःच्या. "व्हय की रं. मुसकं घातलं तरी नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्या लागतेत. माझ्या ध्यानात काहून आलं न्हाई?" मी तासभर इंजिनाच्या भाषेत सांगत होतो ते त्यांनी असं एका वाक्यात समजून घेतलं.

तिसरं मुसकं मात्र नामी झालं. धावेची चौकट, विरळ गज, मधे एक आडवी जाड पट्टी. नवल एवढंच की मापं घ्यायला काका ट्रॅक्टरकडं न येता गोठ्यात जात होते. पट्टीच्या दोन्ही बाजूंना त्यांनी हातभर मोकळी जागा सोडायला लावली आणि तिच्यामागं कण्याचा आधार दिला. आणि शेवटच्या दुपारी एक जुनी, आरसे लावलेली झूल घेऊन बसले. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात ती. तिच्यात कापूस भरून त्यांनी दाभणानं जाड गादी शिवली आणि पट्टीच्या बाहेरच्या अंगाला बांधली.

मला हसू आवरेना. "काका, गादी आतून लावतेत. ट्रॅक्टरला लागू नये म्हनून मुसकं ना?"

"ट्रॅक्टर लोखंडाचा हाय," काका दाभण न थांबवता म्हणाले. "त्येला काय लागतंय?"

माझं हसू तिथंच विरलं. ज्या मुसक्याची मी इतके दिवस टिंगल करत होतो, ते ट्रॅक्टरसाठी नव्हतंच. मला स्वतःची लाज वाटली.

बाजाराच्या आदल्या सकाळी पाटील अंगणात येऊन उभे राहिले. मी चाकांखाली दगड लावले, हँडल मारलं. इंजिन धडधडलं. हौश्या गोठ्यातून उठला, सावकाश चालत आला, मान खाली घातली. वहिनी दाराआडून बघत होत्या. बहुतेक चिमट्याकडं.

हौश्याचं कपाळ बरोबर गादीवर टेकलं. शिंगं दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेत गेली आणि जाळीच्या चार बोटं अलीकडं थांबली. त्यानं जोर लावला. मागचे पाय मातीत रुतले. पट्टी कुरकुरली, पण हलली नाही. मग त्याचा जोर हळूहळू कमी झाला, डोळे मिटले आणि तो तसाच टेकून उभा राहिला. इंजिनाच्या थरथरीनं झुलीचे आरसे चमकत होते.

पाटलांनी वाकून जाळी पाहिली. मग म्हणाले, "राहू द्या, काका."

काका पुढं झाले आणि त्यांनी हौश्याच्या कपाळावर हात ठेवला. हात उचलला तेव्हा मला दिसलं. मधोमध भोवरा होता, ठसठशीत. ज्या भोवऱ्याचं जनावर काका गावाबाहेरूनच परत पाठवायला सांगत, तोच.

"काका, ह्याच्या कपाळात तर..."

"घेताना बघायचं राहून गेलं," ते घाईघाईनं म्हणाले, आणि हात परत तिथंच ठेवला.

हौश्या पुढचा पोळा पाहून गेला. त्याच्या जागेवर, बसल्या बसल्या, त्रास न होता. त्याला बांधावरच्या लिंबाखाली पुरलं. काका म्हणाले, "जनावर व्हतं. गेलं." त्या दिवसापासून त्यांनी माणसांची कपाळं पाहणं सोडलं. नवा गडी आला, त्याला नुसतं "ये" म्हणाले. घरात सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. वहिनी तर म्हणाल्या, मामंजींनी माझा तवा नेला असता तरी चाललं असतं. पाटलांनी मला गादी काढायला सांगितली, कामाची नाही म्हणून. मी म्हणालो, दोरा फार पक्का आहे, निघत नाही. दोरा साधा सुतळीचा होता.

एका सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर हँडल घेऊन आलो. ट्रॅक्टरपुढं काका उभे होते, कमरेत वाकून, दोन्ही हात चौकटीवर ठेवून. कपाळ गादीवर टेकलेलं. माझ्या पावलांचा आवाज झाला तसे ते सरळ झाले. कपाळावर झुलीच्या आरशाचा गोल वळ उठला होता.

"उंची बराबर हाय का ते बघून राहिलो व्हतो," ते म्हणाले.

"बराबर हाय, काका," मी म्हणालो.

मग मला हँडल पुसायचं आठवलं, तेलाची बरणीही खोलीतच राहिली होती. त्या दिवशी इंजिन सुरू करायला मी बराच उशीर लावला.