जपानी उष्णोदक मंडळाची पहिली आंघोळ

ज्या गावी आंघोळ करायला सारा हिंदुस्थान येतो, त्या नाशिकचे रंगनाथराव सन १९३५ साली आंघोळ करायला जपानला गेले. तसे ते गेले होते आपल्या तांब्यापितळेच्या भांड्यांना तिकडे गिऱ्हाईक आहे का ते पाहायला. ते दोन दिवसांत पाहून झाले; गिऱ्हाईक नव्हते. उरलेले अठरा दिवस त्यांनी डोंगरातल्या एका ऊन झऱ्यांच्या गावी त्या राष्ट्राचा अभ्यास करण्यात घालवले.

परत आल्यावर घरी येणाऱ्याला पाटावर बसवून ते सांगत, "गळ्यापर्यंत ऊन पाण्यात बसायचं. वर झाडं, भोवती वाफ. एक अक्षर बोलायचं नाही. बाहेर आलं की अंगात चट्टेरी सुती अंगरखा. मग एक बाई गुडघे मोडून बसते आणि तासभर चहा करते. तासभर! एक पेला! तो पिईपर्यंत माणूस निराळाच होऊन जातो."

त्यांच्या पत्नी वत्सलाबाई हे दाराआडून ऐकत. खांद्यावर दोन महिन्यांची कुमू. त्यांना झाडांचे काही वाटत नसे, अंगरख्याचेही नाही. त्यांचे मन पाण्यापाशी अडे. बाळंतपणाला माहेरी होत्या तेव्हा आई कढत पाण्याच्या धारेने त्यांची पाठ शेकून काढी. ती शेवटची खरी आंघोळ. सासरी आल्यापासून बंब पेटे तो आधी यजमानांसाठी, मग आल्यागेल्यासाठी, मग कुमूसाठी. त्यांची पाळी येई तेव्हा बंबाच्या तळाशी कोमट पाणी उरे आणि पाळण्यात भोकाड. दोन तांबे घाईने ओतायचे आणि ओल्या केसांनी धावत सुटायचे. त्यांना देवाकडे फार काही मागायचे नव्हते. एकदा, फक्त एकदा, पाणी पुरे वाटेपर्यंत आंघोळ करायची होती.

"अहो, बायकाही बसतात का त्या पाण्यात?" एकदा जेवताना वाढता वाढता त्यांनी विचारले.

"बसतात तर! तासन् तास."

"आणि तेव्हा तान्हं मूल कोण घेतं?"

रंगनाथरावांनी घास हातात धरून विचार केला. "ते काही पाहण्यात आलं नाही," ते म्हणाले. "मी राष्ट्रीय गोष्टी पाहत होतो."

यथावकाश गावातल्या नऊ प्रतिष्ठित गृहस्थांनी 'नाशिक जपानी उष्णोदक व सौजन्य मंडळ' स्थापन केले. रंगनाथराव अध्यक्ष झाले. चिटणीस झाले गायधनी वकील. ते कोणत्याही गोष्टीला हरकत घेऊ शकत, म्हणून सर्वानुमते झाले. घरी पाणी भरायला येणाऱ्या सरुबाईने तेवढे एकदा म्हणून पाहिले, "मालक, ऊन पाणी तं उनपदेवच्या झऱ्यालाबी हाय. फुकट हाय."

"तिथे पाणी आहे, सौजन्य नाही," रंगनाथराव म्हणाले, आणि हे वाक्य मंडळाच्या दप्तरात दाखल झाले.

कारभारी तांबटाने महिनाभर ठोकून तांब्याचा एक सहा फुटी टब घडवला. परसात आडाशेजारी पत्र्याची खोली उभारून तो आत ठेवला. कारभारी म्हणाला, "रंगनाथराव, मी आजवर घंगाळं केली, हंडे केले. ही होडी पहिलीच."

टब भरायला अकरा बंब पाणी लागते, असे मोजमाप झाले. त्यावर मंडळाने ठराव क्रमांक दोन केला: 'जपानात पाणी तापवण्याचे काम निसर्ग करतो. नाशिकास निसर्गाची सोय नसल्याने सदरहू काम सौ. वत्सलाबाई यांजकडे सोपवण्यात येत आहे.' ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. सौ. वत्सलाबाई त्या वेळी नऊ जणांसाठी पोहे परतत होत्या.

पहिल्या रविवारी त्या आणि सरुबाई पहाटेपासून चुलाणाशी बसल्या. टब भरला. वाफ दाटली. सभासद पंचे नेसून ओळीने उभे राहिले, आणि रंगनाथरावांना आठवले की जपानात टबात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने आंघोळ करून स्वच्छ व्हावे लागते. मग नऊ आंघोळींचे पाणी तापले. आंघोळी होऊन सगळे पुन्हा ओळीत आले तेव्हा गायधनी वकिलांनी हरकत घेतली.

"नऊ जण एका पाण्यात बसल्यावर ते पाणी सोवळं राहील काय?"

"नाही राहणार," सर्व म्हणाले.

"म्हणजे टबातून निघाल्यावर पुन्हा आंघोळ आलीच."

हे बिनतोड होते. आंघोळीआधी आंघोळ, मग आंघोळ, मग आंघोळीची आंघोळ, असा क्रम ठरला. आता पहिल्यांदा उतरायचे कोणी? जो पहिला उतरेल त्यालाच कोरे पाणी मिळणार, बाकीच्यांना त्याचे. अध्यक्षांनी पद पुढे केले, एकाने वय, एकाने पडसे. वाद चालू असताना टब निवला. शेवटी उपसमिती नेमली गेली आणि तिचा अहवाल येईपर्यंत टबात कोणीही उतरू नये, असे ठरले. तोवर दर रविवारी 'उष्णोदक-दर्शन' करावे. म्हणजे टब भरावा, सभासदांनी भोवती गुडघे मोडून बसावे, वाफेकडे पाहावे आणि निःशब्द चहा घ्यावा.

चहा जपानी पद्धतीने कडू आणि बिनदुधाचा असावा असे ठरले होते. पहिल्या घोटानंतर त्यात दूध आले, दुसऱ्यानंतर साखर, आणि पुढच्या रविवारी आले घातलेला चहा व सोबत चिवडा. मौन कडक होते. ज्याला बोलायचे असेल त्याने चिटणिसांकडे चिठ्ठी द्यावी, चिटणिसांनी ती मोठ्याने वाचावी. पहिली चिठ्ठी आली: 'पायाला मुंग्या आल्या आहेत.' दुसरी: 'मलाही.'

अंधार पडायच्या आत टबाचे बूच काढले जाई आणि अकरा बंब पाणी, कोणाच्याही अंगाला न लागता, अळूच्या वाफ्यात जाई. तिसऱ्या रविवारी अळू जागच्या जागी उकडला. शेजारच्या बयाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "वत्सलाबाई, आता नुसती फोडणी द्यायची राहिली हो!"

वत्सलाबाई हसल्या. पण त्या धावत्या पाण्यात त्यांनी हात घातला होता. ते अजून चांगले ऊन होते.

असे नऊ रविवार गेले. उपसमितीने अहवालासाठी मुदतवाढ मागितली. दहाव्या रविवारी मंडळाने गावच्या वाचनालयात 'जपानची स्वच्छता आणि आपण' या विषयावर व्याख्यान ठेवले. वक्ते होते निसारशेठ, मूळचे मालेगावचे, बारा वर्षे जपानातल्या कोबे बंदरात कापडाचा व्यापार केलेले. व्याख्यानानंतर त्यांना टब दाखवायचा होता.

"साडेपाचला वाफ दिसली पाहिजे," रंगनाथरावांनी बजावले. अंगात चट्टेरी अंगरखा, खाली धोतर आणि डोक्याला रुमाल अशा वेषात ते साडेतीनला बाहेर पडले.

चारला टब भरला. कुमू सरुबाईच्या खांद्यावर झोपली होती. घरात चिटपाखरू नव्हते. वत्सलाबाई वाफेकडे पाहत उभ्या राहिल्या.

"काय बघता वैनी? घुसा आत."

"अगं, साडेपाचला पाहुणे..."

"साडेपाचला लय येळ हाय. निवलं तं पुन्हा तापवू. आपल्यालाच तापवायचंय."

"पण मंडळाचे नियम आहेत."

"नियम काय? आधी अंग धुवायचं, मंग बसायचं, अन् बोलायचं नाय." सरुबाईने पदर खोचला. "तुमी कवा बोलता?"

वत्सलाबाईंनी आतून कडी लावली. आधी अंग धुतले. मग एक पाय, मग दुसरा, मग गळ्यापर्यंत. पाच महिने पाठीत बसलेली गाठ पाण्याने हळूच सोडवली, जशी आई वेणीचा गुंता सोडवी. कोणी हाक मारत नव्हते. त्यांनी डोळे मिटले आणि नाशिकात प्रथमच जपान आले.

निसारशेठ कामाचे गृहस्थ होते. त्यांचे व्याख्यान दहा मिनिटांत आटोपले. गायधनी वकिलांचे आभारप्रदर्शन अर्धा तास चालले, तरी मंडळी साडेचारलाच परसात हजर झाली. दार आतून बंद होते.

"आत कोण आहे?" रंगनाथरावांनी दारावर थाप मारली.

आतून उत्तर आले नाही. नियमाप्रमाणे.

थापेने कुमू मात्र जागी झाली. घरातून तिचे भोकाड आधी बाहेर आले, मागून सरुबाई. "मालक, आत आंघोळ चाललीय."

"कुणाची?"

"मंडळाची. पैलीच." आणि तिने ते भोकाड त्यांच्या हातात दिले. "हिला धरा. माझं चुलाण इझंल."

अध्यक्षांनी आजवर अनेक मानपत्रे हाती घेतली होती. हे धरायचे कसे, ते त्यांना कळेना. निसारशेठ पुढे झाले. "अहो, मान धरा तिची. हां, अशी. तुम्ही तर जपानला जाऊन आलात ना? पाहिलं नाहीत? तिकडे तान्ह्या लेकराला घेऊन टबात बाप उतरतो. बाई निवांत मागून येते. माझ्या शेजारचा बँकेचा मॅनेजर रोज उतरायचा."

सभासद एकदम अळूच्या वाफ्याकडे पाहू लागले.

"रोज?" गायधनी वकिलांनी विचारले.

"रोज. मोठी सुंदर रीत आहे. तुमच्या मंडळानं तीच आधी घ्यावी."

एवढ्यात कुमू रडायची थांबली, बापाकडे पाहून बोळके पसरून हसली, आणि चट्टेरी अंगरख्यावरून एक ऊन झरा वाहू लागला. नाशिकास निसर्गाची सोय नाही, हे ठराव क्रमांक दोनमधले विधान तेवढ्यापुरते चुकीचे ठरले.

मंडळाने तिथल्या तिथे, उकडलेल्या अळूत उभ्याने, तातडीची सभा घेतली. ठराव असा: 'जपानी लोकांच्या सर्व चालीरीती अनुकरणीय आहेत. त्यांतील मुलास बापाने घेण्याची चाल मात्र येथील हवेस मानवणारी नाही. सबब ती वगळून उर्वरित जपानचा स्वीकार करण्यात यावा.' हात वर करून मते मोजली. आठ हात वर झाले. रंगनाथरावांचे दोन्ही हात गुंतले होते.

"अगं, ऐकलंस का?" ते दाराशी जाऊन हळूच म्हणाले. "अजून किती वेळ?"

वत्सलाबाईंनी ऐकले होते. ठरावही, आणि कुमूचे हसणेही. पाणी अजून ऊन होते. त्यांनी हनुवटीपर्यंत बुडी घेतली आणि मंडळाचा नियम मोडून एकच शब्द उच्चारला.

"तासभर."

हा वृत्तांत वाचून आपण हसला असाल, तर हरकत नाही. आज सकाळी आपणही ऊन पाण्याने आंघोळ केली असेलच. ते पाणी निसर्गानेच तापवले असेल म्हणा.