पाव किलो अंडी

शिवरंजनीनं शाळेचा मेसेज तिसऱ्यांदा वाचून दाखवला, तरी राजेश्वरच्या डोक्यात उजेड पडेना. ईस्टरनिमित्त घरच्यांनी मिळून अंडी रंगवायची आणि लेक ऋतुजानं ती शनिवारी शाळेत न्यायची.

"ईस्टर म्हंजी नेमकं काय?"

"मला काय माहीत? मॅडम म्हणल्या, त्यायच्यात दरसाल घरोघर रंगवतेत. पोरगी दोन दिवस झाले रडायली. आणून टाका की!"

आणून टाका! सेलूत किराणा दुकान चालवणाऱ्या राजेश्वरनं उभ्या जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. त्यात घरात वडील, मन्मथअप्पा. केकात अंडं असल्याच्या नुसत्या संशयावरून ते सख्ख्या साडूच्या घरून भरल्या ताटावरून उठले होते आणि बारा वर्षं झाली, त्या माणसाचं तोंड पाहिलं नव्हतं.

"अप्पाला कळलं तर माझं बी तोंड बघणार न्हाईत," राजेश्वर म्हणाला. पण पोरीचं रडणं बघवेना. तोंडाला रुमाल बांधून तो स्टेशनकडच्या दुकानात गेला आणि सवयीनं म्हणाला, "पाव किलो द्या."

"अंडे?" दुकानदार बघतच राहिला. "पयल्यांदाच घ्यायले का मालक?"

सहा अंडी घरी आली, पण उकडायची कशात? शिवरंजनी मांडणीपुढं आडवी उभी राहिली. "चमचासुदा मिळणार न्हाई!" शेवटी राजेश्वरनं ती हिटर लावलेल्या अंघोळीच्या बादलीत सोडली.

"शिजायला किती वेळ लागंल?"

"तुरीच्या डाळीएवढा तरी लागंलच की."

तेवढ्या वेळात रंग शोधू म्हणून दोघं माळ्यावर चढले. परत येऊन बघतात तर हिटर खुंटीला, बादली गायब आणि न्हाणीचं दार बंद. आत अप्पांची अंघोळ चाललेली. त्यांचा चष्मा बाहेर खिडकीत पडला होता. राजेश्वर दाराला कान लावून उभा राहिला. आतून तांब्याचा आवाज आला, मग तो एकदम थांबला.

दार उघडलं. अप्पा ओलेत्यानंच बाहेर आले. पंच्याच्या ओच्यात सहाच्या सहा अंडी.

"हे कुणी टाकले?"

"अप्पा, ते... शाळेचं... रंगवायचे हायत. खायचे न्हाईत, शपथ!"

अप्पांनी एक अंडं फरशीवर ठेवून गरकन फिरवलं. ते डुगडुगलं आणि थांबलं.

"कच्चं हाय. उकळी फुटल्यावर धा मिनिटं ठेव. चिमूटभर मीठ टाक, म्हंजी तडकत न्हाईत. मग लगेच गार पाण्यात. सालटं लय झ्याक निघतंय."

राजेश्वर शिवरंजनीकडं बघायला लागला आणि ती त्याच्याकडं. दोघांनाही काही उमजेना.

तोवर अप्पांच्या बायको नीलम्मा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "पंचेचाळीस वर्षं झाली लग्नाला, कधी घोटभर चहा करून दिला न्हाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "हे कुठं शिकलाव?"

अप्पांनी आढ्याकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं आणि ओल्या पंच्यानंच, रंग-ब्रश घेऊन बसलेल्या नातीशेजारी फतकल मारली.

"दे पोरी तो ब्रश. कच्चेच रंगवू. उकडायची काय घाई हाय?"