पडद्यावर अक्षता

जपानी पोरापोरीचं लग्न सिंदेवाहीच्या शंकरपटात लावणारा माणूस मी पाहिला आहे. नुसता पाहिला नाही, त्या लग्नाची मशीन मीच चालवली आहे.

सोमाभाऊ त्याचं नाव. ढिवर माणूस. वैनगंगेत मासे धरायचा, लोकांना नावेनं पार उतरवायचा. धान निघाले, गावोगाव बैलांच्या शर्यतींचे पट भरायला लागले, की आमच्या तंबूतल्या सिनेमात यायचा. पडद्याशेजारी काठी घेऊन उभं राहायचं आणि काय चाललंय ते आपल्या बोलीत ओरडून सांगायचं, हे त्याचं काम. पन्नास सालानंतरचे ते दिवस. आमच्या झाडीपट्टीत हिंदी सिनेमासुद्धा कुणीतरी उलगडून सांगावा लागे. सोमाभाऊचा आवाज असा, की माझी मशीन बंद पडली तरी सिनेमा चालू राही.

त्या वर्षी वरोऱ्याच्या स्टेशनावरून मी देवादिकांच्या सिनेमाची पेटी उतरवून आणली. पटात उघडून पाहतो तर आत जपानी! तंबूचा मालक शेठ, त्यानं कपाळ बडवलं. सोमाभाऊनं एकदा सिनेमा पाहिला आणि म्हणाला, "चिंता नाई शेठ. मामला पक्का आहे."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. नावेत पाणी शिरलं तरी हेच म्हणायचा, आणि उतारू मुकाट्यानं पाणी उपसायला लागायचे.

सिनेमा म्हणाल तर एवढासा. नदीकाठी एक पोरगा, एक पोरगी. लपूनछपून भेटतात, हसतात, रुसतात. शेवटी पोरगी घरच्यांबरोबर बोटीत बसून दूर जाते, पोरगा काठावर उभा. खलास.

सोमाभाऊनं पोराला गोमा केलं आणि पोरीला अनसू.

"जपानात अनसू कुठून आली गा?" मी विचारलं.

"लगन होऊन गेली असंन."

मग काय विचारता! "पाहा बाप्पा, हे लोक राम राम घालू घालू कंबर मोडून घेते! काड्यांनं खाते, पण भातच खाते. म्हणजे आपलेच धानवाले होत!" तंबू खदखदून हसे. शेवटी बोट सुटली की बायका डोळ्याला पदर लावत. तोच सोमाभाऊची काठी आपटे. "काऊन रडता व? अनसू मामाच्या घरी गेली, हळदीचं लुगडं आणाले! हे आली पाहा वापस! लगन लागलं! टाका अक्षता!"

पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी घरून पिवळे तांदूळ बांधून आले. पटाच्या निमित्तानं अर्ध्या गावात लग्नाच्या पोरी दाखवायला आणलेल्या, त्यात असा शुभशकुन कोण सोडतो? पडद्यावर अशा अक्षता बरसल्या, की कापड हळदीनं माखलं आणि तंबूत उंदीर नांदायला आले.

शेठ भडकला. "पुन्हा त्यांचं लगन लावशील तं काठीसकट बाहेर! सिनेमा जसा आहे तसा सांग."

सोमाभाऊ त्या दिवशी जेवला नाही. "काढलं तं काढू दे, ऑपरेटरभाऊ. पण त्या पोराले तसाच उभा ठेवू का?"

"अरे, चित्र आहे ते!"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसा अडाणी मीच.

दुसऱ्या दिवशी खेळाआधी तंबूच्या दाराशी एक चाळिशीची बाई थांबली. अहेरीकडून लग्नाच्या पोरीला घेऊन आलेली.

"सोमा, वळखते का मले? नाव चालवते का अजून?"

"चालवतो."

"माह्या वरातीची नाव तूच नेली होती. हा काठ ते तो काठ, एक शब्द नाई बोलला."

सोमाभाऊ काठीची गाठ चाचपत राहिला. आतून कुणीतरी हाक मारली, "अनसूयाबाई, या ना व, जागा धरली!" बाई आत गेली.

मी रीळ चढवत होतो. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तिच्या बापानं आत्याच्या पोरासाठी शब्द देऊन ठेवला होता. मी बोलून काय होणार होतं?"

अनसू जपानात कशी पोचली, ते मला तेव्हा कळलं.

खेळ रंगला. सोमाभाऊनं नेहमीसारखं हसवलं. मग बोट सुटली, पण काठी आपटली नाही. शेठ दाराशी हाताची घडी घालून उभा. लोकांच्या मुठीत तांदूळ.

"लावा ना गा लगन!" कुणीतरी ओरडलं.

"पोरगी चालली," सोमाभाऊ म्हणाला. "पोरगा काई बोललाच नाई."

बायकांच्या बाजूनं आवाज आला, "मंग आता बोल म्हणा ना त्याले! पोरगी का बहिरी आहे?"

सगळा तंबू हसला. तो आवाज मी खेळाआधी दाराशी ऐकला होता.

सोमाभाऊनं काठी खाली ठेवली. पडद्यावरच्या बोटीकडे तोंड केलं. एवढ्या गळ्याचा माणूस, पण माझ्या मशीनपर्यंत जेमतेम ऐकू आलं.

"नोको जाऊ व, अनसू."

रीळ संपलं. पडदा पांढराफटक. लोकांना वाटलं, झालं लग्न. आवाज आला होता त्याच कोपऱ्यातून पहिली मूठ आली, मग चहूकडून. त्या उजेडात सोमाभाऊ एकटाच उभा, मुंडाशावर, खांद्यांवर पिवळे दाणे. शेठनं हाताची घडी सोडली.

मशीनचा दिवा मालवणं माझं काम होतं. मी हात लावला नाही.