बिनतेलाचे दहा दिवस

दहा दिवस डोक्याला तेलाचा थेंबही लावायचा नाही, असं तनुजाने सांगितलं तेव्हा तिच्या आईने, केवळाबाईंनी, हातातली तेलाची बाटली पदराआड घेतली. चाळीस वर्षं रोज तेल पिणारं डोकं ते! पण लेकीच्या फार्मसीच्या शेवटच्या वर्षाचा प्रश्न होता. शाम्पूत करडईचं तेल घातलं तर केस मऊ होतात का, हे तिला दाखवायचं होतं. त्यासाठी दहा दिवस तेल न लागलेली आठ डोकी हवी होती. दहाव्या दिवशी प्रत्येकीचं अर्धं डोकं करडईच्या शाम्पूने आणि अर्धं साध्या शाम्पूने धुवायचं, आणि कुठल्या बाजूला कंगवा अडत नाही ते बघायचं. अकराव्या दिवशी, सोमवारी, बाहेरचे परीक्षक येणार होते. एक डोकं कमी पडलं तरी प्रकल्प पुढच्या वर्षी, असं सरांनी बजावलं होतं.

नांदेडच्या त्या गल्लीत डोक्यांना तोटा नव्हता. शेजारच्या सरजाबाईंनी स्वतःचं दिलंच, वर आणखी सहा गोळा केली. शुक्रवारी सकाळी जुनं तेल निघावं म्हणून आठही जणींनी डोक्यावरून आंघोळी केल्या आणि ओले केस मोकळे सोडून केवळाबाईंच्या अंगणात उन्हाला बसल्या. बिनतेलाचं डोकं कसंसंच होत असल्याने कोणी फारसं बोलत नव्हतं. केवळाबाईंचे सासरे लिंबाजीआबा त्याच पहाटे देगलूरला लेकीकडे गेले होते. बाज रिकामी सापडली तेव्हा ढेकूण तरी मरतील, म्हणून केवळाबाईंनी ती भिंतीला उभी केली होती.

नेमका तेव्हाच किल्लारीहून भावकीतला ग्यानोबा कामासाठी नांदेडला आला होता, तो आबांना भेटायला डोकावला. त्याने काय पाहिलं? ओले मोकळे केस सोडून गप्प बसलेल्या आठ बायका आणि माणूस गेल्यावर करतात तशी उभी केलेली आबांची बाज. अशा घरी काही विचारत नसतात. तो मान खाली घालून दहा मिनिटं बसला, पुढे केलेलं पाणी प्यायला नाही आणि ‘येतो’ न म्हणता निघून गेला.

“ह्याला काय झालं?” केवळाबाई म्हणाल्या. एवढ्या बायका बघून लाजला असेल, असं सरजाबाईंचं मत पडलं.

किल्लारीत आबा गेल्याची बातमी पोचली. कोणीतरी आबांचा मोबाइल लावून पाहिला, तो बंद. आबा चार्जर खिडकीतच विसरून गेले होते, हे किल्लारीला कसं कळणार? तनुजाच्या वडिलांना, व्यंकटला, फोन करावा असंही एकाने सुचवलं. पण माती होऊन गेली तरी भावकीला कळवत नाही म्हणजे काय! मग आपण कशाला फोन करायचा? दहाव्याला जाऊन तोंडावरच विचारू, असं ठरलं.

दहाव्या दिवशी, रविवारी, तनुजा शाम्पूच्या बाटल्या आणायला कॉलेजात गेली आणि इकडे दारात जीप थांबली. केवळाबाईंचं सासर-माहेर दोन्ही किल्लारीचंच. त्यामुळे मागे भावकीच्या नऊ बायका होत्या, आणि पुढे केवळाबाईंची भावजय सोजरबाई, दुखवट्याची साडी आणि तेलाची बाटली घेऊन. सुतकातल्या बाईच्या डोक्याला माहेरच्यांनी तेल लावलं की तिने दुःख सोडायचं, अशी त्यांच्याकडची रीत. सोजरबाई उतरल्या त्या रडतच, आणि त्यांनी केवळाबाईंना मिठी मारली. भावजय एवढी रडते म्हणजे आपला भाऊच गेला, हे केवळाबाईंनी ओळखलं आणि त्यांनीही हंबरडा फोडला.

“मला कळवलं बी न्हाई,” केवळाबाई म्हणाल्या.

“आम्हाला तरी कुणी कळवलं, बाई,” सोजरबाई म्हणाल्या आणि त्यांनी नणंदेच्या डोक्यावर तेल ओतलं.

बाकीच्या सात जणी तनुजाची वाट बघत ओळीने बसल्याच होत्या. त्यांची कोरडी डोकी बघून सोजरबाईंना भरून आलं. बाटली मोठी होती आणि सोजरबाईंचं मन त्याहून मोठं. तेवढ्यात जीप कडेला लावून केवळाबाईंचा भाऊ आदिनाथ आणि त्याच्या मागून ग्यानोबा आत आला. त्याला धडधाकट बघून केवळाबाईंचं रडणं अर्ध्यावरच राहिलं.

तनुजा परतली तेव्हा आठही डोकी चमकत होती.

“सरजामावशी, तुम्ही तरी थांबवायचं ना!”

“आम्हाला वाटलं, कॉलेजचंच माणूस हाय,” सरजाबाई म्हणाल्या. “ती रडून कामून राहिली, तेवढं समजलं न्हाई.”

तनुजा पायरीवर बसली आणि तिला रडूच कोसळलं. वर्ष गेलं होतं तिचं. भावकीला मात्र जरा बरं वाटलं, नातीला तरी आजोबांचं दुःख आहे म्हणून.

एवढ्यात दारात ऑटो थांबला आणि लिंबाजीआबा उतरले. ग्यानोबा जीपच्या मागे गेला.

“कोण गेलं?” आबांनी विचारलं.

आदिनाथच पुढे होऊन म्हणाला, “आबा, तुम्हीच.”

आबांनी थोडा विचार केला. “दहाव्याला किती गाड्या आल्या?”

“एक जीप.”

“एकच?” आबा म्हणाले. ते त्यांना चांगलंच लागलं.

भावकीच्या बायका आता ग्यानोबाला शोधू लागल्या. त्यांतली एक करवादली, “दहा दिस उगंच सुतक धरलं. तेलाबिगर टाळू भाजून राहिली.”

तनुजाचं रडणं थांबलं. तिने डोळे पुसून बायका मोजल्या. नऊ.

“काकू, कधीपासून तेल न्हाई?”

“मागल्या शुक्रवारपासून. ग्यानोबा सांगत आला तवापासून.”

“अन् डोक्यावरून आंघोळ?”

“सुतकाची आंघोळ केल्याबिगर कोणी घरात पाऊल टाकतंय का?”

उरलेलं तेल घेऊन सोजरबाई त्या नऊ जणींकडेच निघाल्या होत्या. तनुजाने धावत जाऊन त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली.

दुपारभर अंगणात नऊ डोकी अर्धी-अर्धी धुतली गेली. करडईच्या बाजूला कंगवा सरसर गेला, साध्या बाजूला दर वेळी अडला. संध्याकाळी जीप परत निघाली तेव्हा प्रत्येकीचा एक हात मऊ बाजूवरून फिरत होता आणि ग्यानोबाशी कोणी बोलत नव्हतं.

सोमवारी परीक्षकांनी अहवाल उघडला. आभाराच्या पानावर पहिलंच नाव श्री. लिंबाजी यांचं होतं.

“यांची काय मदत झाली?” त्यांनी विचारलं.

“ते गावाला गेले होते, सर,” तनुजा म्हणाली.