चौदाव्या प्रकरणातलं सूप

"या खेपेला माझ्याकडे बोट दाखवायची कुणाची टाप नाही!" टपालबाईंनी पोस्टाच्या खिडकीतूनच जाहीर केलं आणि समोरच्या पाकिटावर असा शिक्का हाणला, की आतलं पत्रसुद्धा दचकलं असेल.

एवढा जोर चढायला कारण होतं. खाणं, पुस्तक आणि सिनेमा यांवर जीव टाकणाऱ्या पाच बायकांचं त्यांचं मंडळ. महिनाभरात सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं. जिच्या घरी बैठक, तिने त्यातला एक पदार्थ करून वाढायचा, आणि वाट्या रिकाम्या झाल्या की तो उतारा मोठ्याने वाचायचा. मग सगळ्यांनी मिळून त्याच पुस्तकावरचा सिनेमा पाहायचा. न वाचता आलेली बाई तीनदा सापडली, की वहीतून नाव कायमचं कट!

टपालबाई दोनदा सापडल्या होत्या. एकदा नायिकेच्या कुत्र्याला तिचा नवरा समजून त्यांनी त्याच्या इमानीपणावर दहा मिनिटं भाषण ठोकलं. दुसऱ्यांदा "शेवट काय सुंदर आहे हो!" म्हणून डोळे पुसले, तर त्यांच्या प्रतीची शेवटची चाळीस पानं छापखान्यातून आल्यापासून एकमेकांना चिकटलेली निघाली. आता तिसऱ्यांदा सापडून नाव गेलं, तर मंडळातल्याच त्यांच्या नणंदबाई ही बातमी संध्याकाळच्या आत सगळ्या नातेवाइकांत घरपोच करणार, आणि तीही पोस्टापेक्षा लवकर!

पण वाचायचं कसं? पुस्तक उघडलं, की तिसऱ्या ओळीला बाईंचा डोळा लागे. म्हणून त्यांनी ते नवऱ्याच्या गळ्यात मारलं. नवरा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. पुस्तकही तसंच वाचलं. भिंग लावून, एकेक काना-मात्रा तपासत.

"चौदाव्या प्रकरणात मावशी मशरूमचं सूप करते," ते एके दिवशी म्हणाले. "भरपूर लोणी, भरपूर साय, वर मिरपूड. पाहुणे वाट्या चाटूनपुसून खातात."

"वा! मग?"

"मग ते पाहुणे..."

"थांबा! शेवट सांगायचा नाही! मी वाचणार आहे ना अजून. माझी मजा घालवू नका."

घड्याळजींनी तोंड मिटलं. त्या पानात खुणेची दोरी घालून पुस्तक परत केलं. बाईंनी अर्थातच पुढे एक अक्षर वाचलं नाही.

रविवारी दुपारी टपालबाईंच्या घरी बैठक भरली. हातात वही आणि लाल पेन घेऊन अध्यक्ष आल्या, म्हणजे निवृत्त हेडबाई. दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या, शिंपीणबाई आल्या आणि सर्वांत आधी, बूट काढायच्याही आधी स्वयंपाकघरात डोकावत, नणंदबाई आल्या.

"वहिनी, वाचलंय ना या वेळी?"

"वाचलंय म्हणजे काय वन्सं! जगलेय मी ते पुस्तक!"

सूप आलं. मंडळी, असं सूप, की चमचा उभा केला तर पडायचं नाव घेईना!

"अगदी पुस्तकातल्यासारखं!" शिंपीणबाई म्हणाल्या.

"मी तर दोनदा वाचलं," डॉक्टरीणबाईंनी वाटी पुढे केली. "आणि वाटीही दुसरी घेते."

"ते प्रकरण काळजाला भिडतं," हेडबाईंनी मान हलवली.

"दादा, तू नाही घेत?" नणंदबाईंनी विचारलं. दादा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पाव-लोणी खात होते. त्यांनी नुसती मान हलवली.

वाट्या आरशासारख्या चकाकू लागल्या. टपालबाईंनी घसा खाकरला, खुणेचं पान उघडलं आणि नाटकातल्या राणीच्या थाटात वाचू लागल्या:

"मावशीने पाचही वाट्या भरल्या. पाहुण्यांनी शेवटचा थेंबही सोडला नाही. मावशी गालातल्या गालात हसली. 'कसं झालंय?' तिने विचारलं. उत्तर द्यायला कोणीही... शुद्धीवर उरलं नव्हतं."

शेवटचे तीन शब्द बाईंच्या घशातून उंदरासारखे बाहेर आले. प्रकरण तिथेच संपलं होतं.

खोलीत घड्याळजींची अकरा घड्याळं तेवढी अकरा वेगवेगळ्या वेळा सांगत राहिली.

"वहिनी!" नणंदबाई किंचाळल्या. "काय घातलंस सुपात?"

"दुकानातले मशरूम होते हो! पाकिटातले!"

"माझी जीभ जड झाली!" शिंपीणबाई म्हणाल्या. ही तक्रार त्यांनी न अडखळता सलग आठ वेळा केली.

डॉक्टरीणबाई प्रत्येकीचा जबडा उघडून दात मोजत सुटल्या. कारण त्यांना तेवढंच येत होतं! नणंदबाई सोफ्यावर आडव्या झाल्या. "माझी हिरवी शाल धाकटीला द्या. वहिनीला मुळीच नको!" मग एकदम ताडकन उठून बसल्या. "आणि दादा! तू का रे नाही खाल्लंस?"

घड्याळजींनी पाव खाली ठेवला.

"मी पुस्तक वाचलंय."

चार बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. ज्यांनी वाचलं असतं, त्यांनी वाटीला हात लावला असता का? आणि दुसरी वाटी?

"मी चाळलं होतं," हेडबाई छताकडे बघत म्हणाल्या.

"माझं मशीनच्या पायाखाली आहे," शिंपीणबाई पुटपुटल्या. "डुगडुगत होतं."

"माझं एक पेशंट घेऊन गेला. दाढ काढायच्या आधीच पळाला, पुस्तकासकट."

"मी सिनेमा पाहिलाय," नणंदबाई फुरंगटून म्हणाल्या. "त्यात सूपच नाही. सगळे जिन्यावरून पडतात!"

हेडबाईंनी लाल पेन उघडलं. नियमाने पाचही नावांपुढे फुली पडायला हवी होती. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि निळ्या पेनाने लिहिलं: 'पुस्तकावर सखोल चर्चा झाली.' पाचही जणींनी सह्या केल्या. सर्वांत ठसठशीत सही टपालबाईंची!

"पण भावजी," डॉक्टरीणबाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "त्या पाहुण्यांचं पुढे काय होतं हो?"

"शेवट सांगायचा नाही, असा हिचा हुकूम आहे."

अजून सगळ्या जिवंत होत्या, तेव्हा सिनेमा लावायचं ठरलं. घड्याळजींनी पडदे ओढले आणि स्टूल पुढे घेतलं.

टपालबाईंना जाग आली, तेव्हा पडद्यावर 'समाप्त' लिहिलेलं होतं. डावीकडे हेडबाई घोरत होत्या, उजवीकडे डॉक्टरीणबाई. शिंपीणबाईंचं डोकं नणंदबाईंच्या पोटावर होतं. घड्याळजी एकटे डोळे पुसत होते. सिनेमा फारच छान होता म्हणे.

बाईंनी हळूच पुस्तक ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून पान उलटलं. पंधराव्या प्रकरणाची पहिली ओळ होती:

'पाचही पाहुणे डाराडूर झोपले होते. साय जरा जास्तच झाली होती.'

"अहो, मग तेव्हाच सांगायचं ना!"

"मला सिनेमा पाहायचा होता," घड्याळजी म्हणाले.

बाई दुसऱ्या ओळीकडे वळल्या. तिसऱ्या ओळीला त्यांचा पुन्हा डोळा लागला.