साडेपाच ते सहा, तोंड बंद

पहाटे साडेपाच ते सहा या अर्ध्या तासात चौकशीबाईंना कोणी काही विचारत नसे. उरलेले साडेतेवीस तास विचारत.

वीज कचेरीत चौकशीच्या खिडकीमागे त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती, त्यामुळे हे नाव त्यांना कायमचं चिकटलं होतं. अर्ज कुठे मिळतो, अर्ज कुठे द्यायचा, साहेब आले का, साहेब येतात का, साहेब आहेत तरी का. घरी याच नोकरीची दुसरी पाळी, फक्त मध्ये काच नाही. नवऱ्याचा चष्मा, मुलीचा चार्जर, सासूबाईंची गोळ्यांची डबी, या सगळ्या वस्तू त्यांना विचारल्याशिवाय सापडतच नसत. बऱ्याचदा त्या विचारणाऱ्याच्या हातातच असत.

म्हणून त्या साडेपाचला उठत आणि मागच्या गॅलरीत लिंबूपाण्याचा ग्लास घेऊन बसत. वजन उतरतं असं कोणीतरी सांगितलं होतं. चार वर्षांत वजन होतं तिथेच राहिलं, पण बाईंना ग्लास सोडवेना. हातात काही नसताना बसलेल्या बाईला घर लगेच काम शोधून देतं. ग्लास असला की ती काहीतरी करते आहे असं वाटतं. तेव्हा त्या एक ग्लास अर्धा तास पुरवत. चिमणी चोच बुडवेल तेवढा घोट, मग समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघणं, मग पुन्हा तेवढाच घोट. सहा वाजता तोंड आंबट झालेलं असे, मग कडक ब्रशने खसाखसा दात घासून त्या दिवसाला लागत.

दात आधी गार पाण्याला बोलले. कचेरीत मीटरबद्दल विचारायला आलेल्या एका गृहस्थांना उत्तर देता देता बाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि त्यांचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला.

"साधं विचारलं मी, बाई," गृहस्थ म्हणाले. "एवढं तोंड वाकडं करायला काय झालं?"

मग त्यांनी तक्रारवही कुठे मिळेल ते विचारलं. बाईंनी सांगितलं. वही त्यांच्याच टेबलावर होती, ती काचेखालून सरकवलीही. महिन्यातली ती तिसरी तक्रार. साहेबांनी, म्हणजे ते होते त्या दिवशी, बाईंना आत बोलावून सांगितलं की दात तरी दाखवा नाहीतर खिडकी तरी बदला; वरच्या मजल्यावर जुन्या फायलींची खोली रिकामीच आहे. फायली काही विचारत नाहीत, हे बाईंच्या मनात येऊन गेलं. पण तिथे पंखा नव्हता.

दाताच्या डॉक्टरकडे नवराही सोबत निघाला. बस डेपोत कंट्रोलर म्हणून तीस वर्षं गाड्यांच्या वेळा लावून ते आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते, आणि त्यांना कुठेही जायला चालत असे.

डॉक्टर एक थकलेल्या डोळ्यांची बाई होती. तिने आरसा फिरवून पाहिलं आणि लिंबूपाणी किती वेळ पिता ते विचारलं. बाईंनी खरं सांगितलं.

"म्हणजे रोज अर्धा तास दात आंबटात भिजवता," डॉक्टर म्हणाली, "आणि मऊ पडले की घासून काढता."

दातावरचं कवच पातळ झालं होतं. आंबटाने ते थोडा वेळ नरम पडतं, लाळ त्याला हळूहळू सावरते. पण सावरायच्या आत ब्रश फिरवला की थर निघून जातो. तो पुन्हा येतो का, असं बाईंनी विचारलं. आयुष्यात फार कमी वेळा त्या विचारणाऱ्याच्या बाजूला होत्या.

"केस येतात, नखं येतात. हे नाही येत. आहे ते जपायचं."

तिने एक छापील कागद दिला, दोन्ही बाजूंनी मजकूर असलेला. परत येताना बाईंनी तो दोन्हीकडून वाचला. पुढच्या बाजूला होतं, आंबट घोटघोट पिऊ नका, प्यायचंच तर जेवणासोबत आणि पटकन संपवा. नंतर साध्या पाण्याने चूळ भरा. एक तास ब्रश करू नका. ब्रश मऊ घ्या. मागच्या बाजूला होतं, त्यापेक्षा सकाळी उठल्या उठल्या, काही खाण्याआधीच दात घासा; पेस्ट थुंकून टाका, लगेच खळखळून चूळ भरू नका; त्यानंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका.

घरी आल्यावर कंट्रोलरसाहेबांनी तो कागद घेतला, भरपूर डिंक लावला आणि न्हाणीघराच्या दारावर कायमचा चिकटवून टाकला. मागची बाजू दाराला गेली.

उरला एक तासाचा नियम. त्यावर डेपो चालवलेला माणूस गप्प बसणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी घरातल्या प्रत्येक ब्रशला दोऱ्याने एकेक पुठ्ठ्याची चिठ्ठी लटकली. चिठ्ठीवर शेवटचं आंबट किती वाजता आणि ब्रश किती वाजता सुटणार, असे दोन रकाने. आंबट खाल्लं की आधी नोंद करायची. मुलगी सकाळी सातला संत्र्याचा रस पिऊन घासायची, तिचा ब्रश आठला सुटायचा आणि कॉलेजची बस आठला दहा कमी असताना. सासूबाईंची कवळी होती, त्यामुळे त्यांना चिठ्ठी मिळाली नाही. त्या दिवसभर रुसून बसल्या.

"आई, तुझे दात प्लास्टिकचे आहेत," कंट्रोलरांनी समजावलं. "त्यांना काही होत नाही."

"प्लास्टिकचे असले तरी माझेच आहेत ना?"

कवळीच्या डबीलाही चिठ्ठी लागली. सासूबाई संत्र्याच्या फोडी दिवसभर एकेक करून खात, त्यामुळे त्यांची डबी सुटायची वेळ पुढेपुढेच जात राहिली आणि त्या दोन दिवस कवळी न धुता तोंडात ठेवून नियम पाळत होत्या.

न्हाणीघर एक. सगळ्यांचा तास एकदमच संपत असे, आठ वाजता. दाराशी रांग लागे आणि रांगेत भांडण, आणि भांडणात साक्षीदार एकच. आई, मी रस सात वाजता प्यायले की सातला पाच कमी होते? सूनबाई, मी सकाळपासून किती फोडी खाल्ल्या गं? बाईंना त्या आठवड्यात तीनदा कचेरीत उशीर झाला. साहेबांनी पुन्हा जुन्या फायलींच्या खोलीची आठवण करून दिली.

पण खरं नुकसान वेगळंच होतं. लिंबू बंद झालं होतं ते ठीक, दात आपलेच होते. पण साडेपाचला गॅलरीत आता कंट्रोलरसाहेबही घडीची खुर्ची आणि गजराचं घड्याळ घेऊन हजर असत. बायकोचे दात आता त्यांच्या ताब्यात आले होते.

"दुखतंय का गं?"

"नाही."

"परवापेक्षा कमी, की परवाएवढंच?"

ते मनापासून विचारत. तेच अवघड होतं. दुष्टपणाने विचारलं असतं तर बाईंनी उत्तर दिलं असतं. हे तर काळजीने विचारत होते, आणि काळजीला काचेआडून वही सरकवता येत नाही. बाई समोरच्या टाकीकडे बघत राहत. टाकी आता पूर्वीसारखी दिसत नसे.

एका पहाटे बाईंनी मागच्या बाजूचा नियम आठवून सगळ्यांच्या आधी दात घासले. पेस्ट थुंकून गॅलरीत आल्या तर कंट्रोलरांनी विचारलं की माझा निळा शर्ट कुठे आहे. बाईंच्या तोंडात अजून फेसाची चव होती. त्यांनी बोट उचलून फक्त थांबा अशी खूण केली. कंट्रोलर थांबले. एक मिनिट झालं, दोन झाली. मग ते उठले आणि शर्ट त्यांना कपाटात सापडला.

बाई बराच वेळ त्या कपाटाच्या दिशेने बघत राहिल्या. सत्तावीस वर्षांत हे सुचलं नव्हतं.

"अहो," सहा वाजता त्या म्हणाल्या, "त्या कागदाच्या मागच्या बाजूला पण नियम होते. उठल्या उठल्या दात घासायचे, म्हणजे तो एक तासाचा घोळच नको. आणि घासल्यावर अर्धा तास खायचं नाही, प्यायचं नाही."

इथे त्या थांबल्या. आत न्हाणीघराच्या दारावर तो कागद डिंकाने पक्का बसला होता, त्याची मागची बाजू आता कोणी वाचणार नव्हतं.

"आणि बोलायचं नाही. पेस्ट निघून जाते."

कंट्रोलरांचा चेहरा पडला. मागची बाजू न बघता गाडी सोडली, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या काढल्या, आणि एक मोठा पुठ्ठा घेऊन त्यावर नीट अक्षरात लिहिलं, साडेपाच ते सहा, तोंड बंद, कोणी काही विचारू नये. तो गॅलरीच्या दारावर लावून ते स्वतः दाराच्या आतल्या बाजूला पहाऱ्याला बसले. मुलगी चार्जर विचारायला आली, तिला परत पाठवलं. सासूबाईंना खुणेने सांगितलं. त्यांना ऐकू कमी येई, पण खूण चांगली कळे.

महिनाभर बाईंना स्वर्ग होता. न्हाणीघराची रांग गेली, उशीर गेला, गार पाणी लागेनासं झालं. खिडकीवर एका म्हातारबाबांनी तर तक्रारवही मागून घेऊन तिच्यात बाई हसून बोलल्या असं लिहिलं. फक्त दाराआडून नवऱ्याचं ते दबक्या आवाजात "शू, आईचे दात" ऐकू आलं की बाईंना आत कुठेतरी बारीक कळ येई. दातात नव्हे.

मग तपासणीची तारीख आली. कंट्रोलरसाहेब आदल्या दिवसापासूनच सांगत होते की या वेळी त्या कागदाची नवी प्रत मागायची आणि दोन्ही बाजू काचेच्या चौकटीत बसवायच्या. बाईंना जेवण गेलं नाही. प्रत हातात आली की संपलं. अर्धा तासही जाणार, आणि शिवाय इतकी वर्षं आपल्या शब्दावर उठबस करणाऱ्या माणसाला आपण फसवलं, हे त्याच्यासमोर उघडं पडणार.

बाई खुर्चीत आडव्या होत्या, तोंडात आरसा, गालात कापूस, तेव्हा कंट्रोलरांनी विचारलं.

"डॉक्टर, तो अर्धा तास न बोलण्याचा नियम. तो पाऊण तास केला तर जास्त फायदा होईल का?"

डॉक्टरचा हात थांबला. बाहेर फोन वाजत होता. तिच्या मदतनीस बाईने दारातून डोकं घालून तीन प्रश्न एका श्वासात विचारले होते आणि ती उत्तराची वाट बघत उभी होती. डॉक्टरने खाली पाहिलं. बाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी फक्त डोळ्यांनी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं.

"कुठे बसता?" डॉक्टरने हळूच विचारलं. मग स्वतःच कापूस काढून उत्तराला वाट करून दिली.

"गॅलरीत."

"छान." ती कंट्रोलरांकडे वळली. "अर्धा तास पुरे. नव्या कागदावर तो नियम छापायचा राहिलाय, पण पाळा. दात सुधारलेत यांचे." आणि मग, कंट्रोलरांनी नेहमीप्रमाणे खिशातून काढलेली लिंबाची गोळी बघून, "तुम्ही बसा बरं या खुर्चीत."

डेपोत उन्हात घसा कोरडा पडू नये म्हणून लागलेली सवय. तीस वर्षं गालात गोळी. त्यांचं कवच बायकोपेक्षा पातळ निघालं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला घडीची खुर्ची दाराबाहेर, गॅलरीत आली. दोघांचेही दात घासलेले, दोघांचीही तोंडं बंद. बाईंनी टाकीकडे पाहिलं. पाच मिनिटं गेली. कंट्रोलर हलले, पाय बदलला, मग खिशातून जुन्या चिठ्ठ्यांतला एक पुठ्ठा काढून त्याच्या मागे काहीतरी लिहिलं आणि पुढे केला.

माझा चष्मा कुठे आहे?

चष्मा नाकावर होता. त्याशिवाय त्यांना लिहिता आलंच नसतं. बाईंनी पुठ्ठा घेतला, पेन मागून घेतलं आणि खाली लिहिलं.

खिडकी सहा वाजता उघडेल.

कंट्रोलरसाहेबांनी ते दोनदा वाचलं. मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मान डोलावली आणि पुठ्ठा जपून खिशात ठेवला. मग ते सुद्धा टाकीकडे बघू लागले.