भूमिआजोबांचं तिकीट

विमानाचं तिकीट काढताना शेवटी एक चौकट येते. 'सामान घेणार का?' असं त्यात विचारलेलं असतं आणि खाली दोन पर्याय असतात. मी 'नको' वर बोट ठेवलं. एवढंच केलं मी. पुढचं सगळं त्या बोटामुळे झालं.

आमच्या काओशुंगहून समुद्रापलीकडच्या ओकिनावा बेटाचं तिकीट इतकं स्वस्त होतं की मी तो आकडा चष्मा पुसून पुन्हा वाचला. स्वस्त विमानांची गंमत अशी की माणसाला ती फुकट नेल्यासारखं नेतात आणि त्याच्या चड्ड्या-बनियनचे पैसे घेतात. मी पाणीपुरवठा कार्यालयात एकवीस वर्षं मीटरच्या तक्रारी निस्तरतोय. नळातून एक थेंब जास्त गेला तरी मला तो दिसतो. मी काय असा फसतोय? हातातलं सात किलो सामान फुकट होतं. आम्ही तिघं: मी, बायको यू-छिन आणि तिची आई. एकवीस किलो. चार दिवसांना एकवीस किलोत एखादं लग्न पार पडेल.

यू-छिनचं नाश्त्याचं दुकान आहे. पहाटे साडेचारला तवा तापतो. अकरा वर्षांत तिने दुकान सलग चार दिवस कधी बंद ठेवलं नव्हतं. या वेळी तिने शटरवर कागद चिकटवला, 'मालकीण समुद्र बघायला गेली आहे', आणि तो कागद ती रस्त्यापलीकडे उभी राहून बराच वेळ बघत होती. आईंना वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत विमान माहीत होतं ते फक्त खालून. त्यांना तयार करायला आम्हाला दोन महिने लागले. आई येणार नसतील तर यू-छिन येणार नव्हती, आणि यू-छिन येणार नसेल तर मी एकटा ओकिनावात जाऊन काय करणार होतो, हे मलाही सांगता आलं नसतं.

मी वजनाची तयारी सुरू केली. माझी एक पॅन्ट सातशे ग्रॅम भरली. पॅन्टला इतकं वजन असतं हे इतकी वर्षं ती घालून मला ठाऊक नव्हतं. साबण कापून अर्धा केला. यू-छिनच्या कंगव्याकडे पाहिलं, तेव्हा ती म्हणाली, "त्याचे दात मोजून काढणार आहेस का?" मी कंगवा सोडून दिला.

निघायच्या तीन दिवस आधी आईंनी जेवताना विचारलं, "मग चार दिवस उदबत्ती कोण लावणार?"

आमच्या घरात देव्हाऱ्यावर भूमिआजोबा बसतात. पांढरी दाढी, हसरा चेहरा, हातात सोन्याचा गोळा. घराची, जमिनीची, आजूबाजूच्या चार गल्ल्यांची राखण हे त्यांचं काम. आई त्यांना सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावतात आणि दिवसभरात काय झालं ते सांगतात. (माझ्याबद्दल काय सांगतात ते मी विचारत नाही.)

"शेजारच्या काकूंना सांगू," मी म्हटलं.

"ती स्वतःच्या नवऱ्याला जेवायला हाक मारायची विसरते."

"बाजारात विजेची उदबत्ती मिळते. लाल दिवा लागतो. चार दिवस काय, चार महिने..."

आई माझ्याकडे बघत राहिल्या. मी भाजी वाढून घेतली.

"मी येत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा दोघं."

यू-छिनने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. दुकानावरचा तो कागद तिच्या डोळ्यांपुढून हळूहळू सोलून निघताना मला दिसला.

"नाहीतर आजोबांनाच बरोबर नेऊ," यू-छिन म्हणाली. "विचारून तर बघ."

आईंनी देव्हाऱ्यातून चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे काढले. एक पालथा आणि एक उताणा पडला की देव हो म्हणाला. महत्त्वाच्या गोष्टीला तीनदा हो लागतं. आईंनी तीनदा टाकले. भूमिआजोबा तीनदा हो म्हणाले, आणि तेही जराही न रेंगाळता.

"आई, पण ते या गल्लीचे देव," मी शेवटचा प्रयत्न केला. "हद्द सोडून कसे जातील? आमच्या ऑफिसात तर हद्दीबाहेर जायला रजेचा अर्ज लागतो."

"चाळीस वर्षांत एक दिवस रजा घेतली नाही त्यांनी," आई म्हणाल्या. "तू गेल्या वर्षी किती घेतल्यास?"

प्रश्न वजनाचा होता. मी हुकाचा काटा आणला. देवाच्या गळ्यात हुक अडकवायला आईंनी मनाई केली. म्हणून आईंनाच आधी नुसतं आणि मग देवाला घेऊन बाथरूममधल्या काट्यावर उभं केलं. दोन आकड्यांची वजाबाकी केली: भूमिआजोबा तीन किलो चारशे ग्रॅम. कापराच्या झाडाचं जुनं, भरीव लाकूड. या हिशेबात आईंचं वजनही मी मोठ्याने वाचलं. त्यानंतर एक दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

"वीस किलो सामान विकत घे," यू-छिन म्हणाली. "अजून मिळतंय."

"प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे."

"कुठल्या तत्त्वाचा?"

ते मला त्या वेळी आठवेना.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत (आणि थोडा आधी, आणि थोडा नंतर) मी विमान कंपनीचे नियम वाचून काढले. बाविसाव्या पानावर मला वाट सापडली. लहान मूल अंगाशी बांधलेलं असेल, तर ते बांधायचं कापड आणि मूल यांचं वजन होत नाही. मी घरी येऊन आईंना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "विमानात गारठा असतो. यू-छिन तान्ही असताना तुम्ही तिला बांधायच्या, त्या जुन्या झोळीत आजोबांना बांधलं तर?"

आईंना ते फार आवडलं. त्यांनी फुलाफुलांची झोळी धुवून वाळत घातली. जावयाला एकदाचं कळायला लागलं असं त्या देव्हाऱ्यापाशी सांगताना मी ऐकलं. मला थोडं वाईट वाटलं, पण थोडंच.

तरीही आईंच्या सामानातलं काही उरत होतं: उदबत्त्या, नैवेद्याचे पेले, आजोबांचा आवडता चहा. ते मी माझ्या मासेमारीच्या जॅकेटमध्ये घातलं. त्याला अकरा खिसे आहेत. मी आजवर एकही मासा पकडलेला नाही, पण खिसे रिकामे राहू नयेत.

विमानतळावर काउंटरला को आडनावाची मुलगी होती. तिने पिशव्या एकेक करून काट्यावर ठेवल्या. सहा आठशे. सहा नऊशे. सात बरोबर. मी यू-छिनकडे पाहिलं. तिने कौतुक करायचं टाळलं, पण मला ते पोचलं.

मग त्या मुलीचं लक्ष आईंच्या छातीवरच्या झोळीकडे गेलं.

"आणि हे?"

"हे... लहान आहे," मी म्हणालो.

"तिकिटावर बाळाचं नाव नाहीये, सर. ते घालावं लागेल." ती संगणकाकडे वळली. "जन्मतारीख सांगा."

माझ्या अकराही खिशांना घाम फुटला. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाल्या, "दुसऱ्या महिन्याची दुसरी तिथी."

आई देवासमोर खोटं बोलत नाहीत, आणि देव तर अंगाशीच बांधलेला होता. त्या मुलीची बोटं थांबली. दुसऱ्या महिन्याच्या दुसऱ्या तिथीला आमच्याकडे प्रत्येक दुकानासमोर टेबल मांडून पूजा होते. कोणाची, ते शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

"साल?" तिने जरा हळू आवाजात विचारलं.

"साल कोणालाच माहीत नाही, पोरी."

तिने उभं राहून झोळीची कड दोन बोटांनी बाजूला केली. आतून पांढरी दाढी दिसली. तिने हात जोडले, आणि मग तिच्या साहेबांना बोलावलं.

थू साहेब पन्नाशीचे, केस तेल लावून चापून बसवलेले. त्यांनीही आधी हात जोडले आणि मग माझ्याकडे वळले. "बाळ आहे असं कोण म्हणालं?"

"मी फक्त 'लहान आहे' म्हणालो. उंचीने."

"सामानात धरायचं म्हटलं तर..." थू साहेब म्हणाले.

"देव सामान नाही," आई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण मागची रांग ऐकायला पुढे सरकली.

"बरोबर आहे, आजी. माझ्या आईकडेही आहेत. पण संगणकात दोनच रकाने आहेत. एक प्रवासी आणि एक सामान."

त्यांनी फोन लावला. दहा मिनिटं ते खांबाच्या आड जाऊन बोलत होते. परत आले ते हातात एक बोर्डिंग पास घेऊन. आज विमानात बरीच आसनं रिकामी आहेत, त्यामुळे भूमिआजोबांना कंपनीतर्फे खिडकीची जागा, आणि सोबतीला आजी आणि त्यांची मुलगी शेजारच्या दोन जागांवर. पासवर नाव छापलं होतं. आईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. काउंटरवरच्या मुलीने डोळे पुसले. मागच्या रांगेतल्या दोघांनी फोटो काढले. सगळं इतकं छान जुळून आलं होतं की कुठल्याही शहाण्या माणसाने तिथून पिशवी उचलून चालायला लागायचं.

मी म्हणालो, "म्हणजे ते आता प्रवासी झाले. मग त्यांच्या वाट्याचे सात किलो आम्हाला वापरता येतील ना?"

थू साहेबांची नजर माझ्या चेहऱ्यावरून हळूहळू खाली जॅकेटवर आली आणि एकेका खिशावर थांबत गेली.

"सर, जॅकेट जरा काट्यावर ठेवता?"

चार किलो दोनशे.

जादा वजनाचा दंड माझ्या तिकिटापेक्षा जास्त होता. 'नको' वर बोट ठेवण्याऐवजी 'हो' वर ठेवलं असतं, तर त्याच्या निम्म्यात वीस किलो आलं असतं. मी पाकीट शोधायला लागलो. ते जॅकेटमध्येच होतं, कुठल्या खिशात ते आठवेना.

"राहू दे," यू-छिन म्हणाली आणि पर्स उघडली. "मी देते. तू तत्त्व सांभाळ."

गेटजवळ आम्ही विमानाची वाट बघत बसलो. यू-छिन चहा आणायला गेली. आईंनी झोळी सैल करून आजोबांचं तोंड काचेकडे केलं होतं.

"आई, सॉरी," मी म्हटलं. "मी उगीच काटकसर करायला गेलो."

"तुझे सासरे त्या समुद्रात जायचे मासे धरायला," आई म्हणाल्या. त्यांनी माझं ऐकलं होतं की नाही कळलं नाही. "पार ओकिनावाच्या बाजूला. महिना महिना यायचे नाहीत. तेव्हा मी यांना रोज सांगायचे, तिकडे लक्ष ठेवा. यांनी तो समुद्र कधी पाहिलेला नव्हता, पण माणूस दर वेळी धडपणे घरी आणला. म्हटलं, आता एकदा दाखवू यांना, कुठे लक्ष ठेवत होते ते."

मी जॅकेटच्या सातव्या खिशातून आजोबांचा चहाचा पेला काढला, रुमालाने पुसला आणि आईंच्या हातात दिला.

विमानात ती तिघं पुढे बसली. जागा निवडायचेही पैसे पडतात, आणि तिथेही मी 'नको' म्हणालो होतो, त्यामुळे मला शेवटची ओळ मिळाली, मधलं आसन. विमान ढगांवर आलं तेव्हा मी मान उंच करून पाहिलं. आईंनी आजोबांना खिडकीशी धरलं होतं आणि त्यांच्या कानाशी त्या काहीतरी सांगत होत्या. यू-छिन आईंच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपली होती. अकरा वर्षांची झोप बाकी होती तिची.

येणारे-जाणारे प्रवासी त्यांच्यापाशी थांबून हात जोडत होते. माझ्या शेजारचे टोपीवाले म्हातारे बराच वेळ माझं निरीक्षण करत होते. शेवटी ते वाकून म्हणाले, "पुढे ते भूमिआजोबा बसलेत, तुम्ही त्यांच्याबरोबरचे ना? काउंटरवर पाहिलं तुम्हाला."

"हो," मी जरा ताठ बसलो.

"चांगलं काम आहे. पगारावर की नुसती सेवा म्हणून?"

"तसं नाही. मी त्या आजींचा जावई आहे."

म्हाताऱ्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

"म्हणजे सेवा," ते म्हणाले.